पांढऱ्या पट्ट्यावरची पावलं

चित्रावर चपला घालून चालू नये, एवढे संस्कार माझ्यावर आहेत. म्हणून मी चपला हातात घेतल्या आणि अनवाणी निघालो. रंग ओला आहे, हे मला नवव्या पावलाला कळलं!

पनवेलच्या बाजारामागची आमची गल्ली माझ्या लेकीने, मुक्ताने, दोस्तमंडळींना घेऊन रंगवली होती. भिंतींवर गल्लीतले सगळ्या जातीधर्मांचे चेहरे, रस्त्यावर सात रंगांचे पट्टे आणि त्यांच्यापुढे पांढऱ्याशुभ्र पट्ट्यावर अक्षरं : 'इथे सगळे सारखे'. पाच वाजता उद्घाटन. सव्वाचारला त्या पांढऱ्यावर माझी पावलं होती. डावं जांभळं, उजवं हिरवं.

"बाबा, हलू नका!"

मी दचकून मागे उडी मारली. (आणखी चार पावलं.) रुमालाने पुसायला वाकलो, घसरलो आणि बसलोच. तिथे जे उमटलं, त्याला पाऊल म्हणता येत नव्हतं!

"अगो बाय!" कोपऱ्यावरची मासळीवाली हिराबाई ओरडली. "ये पाय हायत का होड्या?"

बायकोने कपाळाला हात लावला. मुक्ताचे मात्र डोळे भरले. "महिनाभर राबलोय, बाबा. आता पाहुण्यांना काय दाखवू?"

मला धरणीने पोटात घेतलं असतं, पण तीही रंगवलेली होती.

तेवढ्यात चांदनी पुढे आली. ती तृतीयपंथी, आणि सगळ्या रंगकामाची मुकादम. "रडतेस काय? रंग ओत परातीत! पाय काय एकट्या काकांनाच आहेत?" म्हणत तिने आपलं पैंजणाचं पाऊल माझ्या पावलाशेजारी दाबलं.

"आमी पन?" हिराबाईने विचारलं.

"मावशी, तुम्ही तर आधी!"

मग बेकरीवाले उस्मानचाचा पायजमा वर धरून "बिस्मिल्ला" म्हणत उतरले. पाठोपाठ झाडूवाली, रिक्षावाले, अख्खी गल्ली! पाचच्या आत पट्टा भरला. कुठलं पाऊल कोणाचं, ओळखू येईना. माझ्या बैठकीला चांदनीने किरणं काढून उगवता सूर्य केला. पाहुण्यांनी सगळ्यात जास्त फोटो काढले ते त्याच्याशेजारी!

"ही कल्पना कोणाची?" पाहुण्यांनी विचारलं.

"बाबांची!" मुक्ता माइकवर म्हणाली. टाळ्याच टाळ्या! मी छाती फुगवून घरी आलो.

दारातच बायको फडकं घेऊन उभी.

"पंचवीस वर्षं माझ्या ओल्या लादीवर पावलं उमटवताय, तेव्हा नाही कोणी टाळ्या वाजवल्या! सगळे सारखे ना? मग उद्यापासून लादी तुम्ही पुसायची. आणि तो पाठचा सूर्य धुतल्याशिवाय सोफ्यावर मावळायचं नाही!"