देऊळघाट, देऊळगाव नव्हे

एस.टी. सुटायला वेळ होता. माय खिडकीखाली उभी होती, कपाळावर नेहमीसारखं ठसठशीत कुंकू लावून.

‘शिकजो मंग,’ ती म्हणाली. ‘पहिले तुह्या बापाले पाहून घे.’

शेजारच्या पार्वताकाकू फिस्सकन हसल्या. ‘कापलेल्याले काय पाह्यते वं? माणूस फाडून टाकला लोकाइनं, अन् हिचं कुकू पाहा, रुपयाएवढं!’

मायनं त्यांच्याकडे मान वळवली नाही. ‘तू पाहून ये. तू सांगशीन त्या दिवशी पुसीन.’

गावातल्या आणि गाव सोडलेल्या माझ्या माणसांनो, तुम्ही मला नेहमी विचारता, जवळची मेडिकल कॉलेजं सोडून मी इतक्या लांबच्या या कॉलेजचाच हट्ट का धरला. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. पण सांगतो.

मी आठवीत असताना वडिलांच्या पोटातली गाठ वाढली. काका त्यांना इथल्या मोठ्या दवाखान्यात ठेवून पेरणीसाठी परत आले. भरती करताना कारकुनानं गाव विचारलं असेल, वडील देऊळघाट म्हणाले असतील. त्यानं लिहिलं देऊळगाव राजा. वडील वारल्याचं कार्ड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं. तिथं त्या नावाचं घर सापडेना. फिरत फिरत ते आमच्या दारी आलं तोवर उशीर झाला होता. काका धावत गेले, तेव्हा कळलं की न्यायला कोणी आलं नाही म्हणून प्रेत कॉलेजला दिलं. बेवारस म्हणून. घरी बायको होती, मुलगा होता, भाऊ होता. दावणीचे बैलसुद्धा त्यांच्या हाकेला माना वळवायचे.

काकांची आत जायची छाती झाली नाही. ते फाटकातूनच परतले. माय एवढंच म्हणाली, ‘घरच्या कोणी पाह्यलं नाही, तं मी कशी मानू?’

मुलाखतीसाठी शाळेतल्या मास्तरांनी जनसेवेवरची वाक्यं पाठ करून घेतली होती. समोर तीन साहेब होते. मधल्यांनी विचारलं, ‘हेच कॉलेज का?’ पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

‘माझे वडील इथं आहेत, साहेब.’

‘अस्सं! कोणत्या खात्यात?’

‘ॲनाटॉमीत.’

‘शिपाई आहेत का?’

‘नाही साहेब. टेबलावर.’

मग मी सगळं सांगितलं. कडेच्या साहेबांना हसू आवरेना. ‘म्हणजे वशिला अगदी आतला आहे!’ मधले मात्र चिडले. ‘इथं मुलं डॉक्टर व्हायला येतात, नातेवाईक शोधायला नाही.’

‘दोन्ही करीन साहेब. मले जमन.’

त्या ‘मले’वर तिघंही हसले. मार्क चांगले होते, म्हणून मला घेतलं.

वडिलांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट कडबा कापताना यंत्रात अर्धं गेलं होतं. डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या दिवशी मी टेबलाटेबलाशी जाऊन डावे हातच पाहत होतो. फॉर्मॅलिननं डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हणून निदान रडतोय असं वेगळं दिसलं नाही. का शोधतोय हे सगळ्यांना लवकरच कळलं. एका डॉक्टरांच्या मुलानं आपल्या टेबलावरचा हात उचलून माझ्यापुढे धरला. ‘ए बेवारस, हा घे. याला पाचही बोटं आहेत. चालेल?’

शेवटी हॉलच्या शिपायानं विचारलं, ‘कधीचे रे तुझे वडील?’ मी सांगितलं. तो म्हणाला, ‘वेडा आहेस का? इथं एक माणूस वर्षभर पुरतो. मुलांचं शिकून झालं की उरलेलं जाळतो आम्ही.’

‘कुठं?’

‘मागं. सगळ्यांचं एकत्रच.’

दिवाळीत घरी गेलो आणि मायला खरं तेच सांगितलं. ती उंबऱ्यावर बसून ऐकत होती.

‘जाळताना कोणी पाह्यलं?’

‘शिपायानं.’

‘तो आपला हाय काय?’

‘नाही.’

‘मंग राहू दे.’ ती उठून चुलीकडे गेली. भिंतीपलीकडून पार्वताकाकूंचा आवाज आला, ‘आता तं जल्मभर सवाशीनच राह्यते वाटते बाई!’ मायनं फुंकणी उचलली आणि जाळ फुंकला.

आता मी वॉर्डात जातो. रोग्याचं गाव लिहून घेताना पुन्हा पुन्हा विचारतो. रोगी वैतागतात. बरोबरची मुलं लांबून ओरडतात, ‘घाट की गाव?’ तेच आता माझं नाव झालं आहे.

कॉलेजच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे देऊळगाव राजा असं लिहिलेलं आहे. मी कारकुनाला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, ‘काय फरक पडतो रे? दोन्ही तिकडचीच ना?’ पुन्हा गेलो तर त्यानं मान वर केली नाही. मायला हे मी कळवलेलं नाही.

घर म्हणजे काय, हे मला पूर्वी सांगता आलं नसतं. आता येतं. मी मेलो तर जिथं कळायला हवं, ते घर. आणि ते इथं कुठंच लिहिलेलं नाही.