हुडकेश्वरचा कोरडा माठ

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ती घटना आजही आठवते आणि आठवली की छाती थोडी फुगतेच.

मे महिन्याची दुपार होती. नागपूरच्या हुडकेश्वर भागातला एक माणूस ठाण्यात आला आणि टेबलावर हात आपटून ओरडला, "साहेब, माह्या मोठ्या पोरीनं माहे दोन लेकरं पळवून नेले!" बायको वारलेली. मुलगा नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. थोरली विशीतली, बापाशी भांडून वेगळी राहत होती आणि शिवणकामावर पोट भरत होती. अल्पवयीन मुलं म्हटल्यावर अपहरणाचा गुन्हा लगेच नोंदवला. त्यात चालढकल करता येत नाही.

संध्याकाळी खबऱ्याचा फोन आला, मुलं नंदनवन वस्तीत थोरलीच्या खोलीवर आहेत. महिला शिपायाला घेऊन गेलो. थोरली दोघांना वरणभात भरवत होती. आम्हाला पाहूनही तिचा हात थांबला नाही.

"काहून आणलं वं पोरी याइले?" मी विचारलं.

"उपाशी होते साहेब. बाप घरीच नाही राहत. मले आत टाका, पण याइले तिकडं पाठवू नका. मीच सांभाळीन."

बाप मात्र शपथेवर सांगत होता, की त्या सकाळपर्यंत मुलं त्याच्याच हातचं जेवली. कायद्यानं पालक तोच. त्याचं खरं ठरलं असतं तर मुलं परत त्याच्याकडे आणि पोरगी कोठडीत.

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन त्याच्या घरी गेलो. माझी एक जुनी सवय. तपासाला कुणाच्याही घरात शिरलो की आधी पाणी मागायचं. उन्हातून आलेल्याला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही, आणि पाणी आणताना घर कसं चालतं ते कळतं.

"पाणी पाज गा."

तो भांडी धुंडाळू लागला. स्वतःच्याच घरात त्याला पेला सापडेना. मी माठावरचं झाकण उचललं. तळ कोरडाठाक, आत कोळ्याचं जाळं. नागपूरच्या मे महिन्यात, दोन लेकरांच्या घरात!

"काल लेकरं काय पिऊन जेवले गा?"

त्यानं माझ्या हातातलं झाकण घेऊन माठावर ठेवलं. मग पुटपुटला, "मी तिकडं खापा गावाले होतो साहेब. दोस्तांसंग." किती दिवस, ते त्यालाही धड सांगता येईना. राग इतका आला की मी हात मागे बांधूनच उभा राहिलो. आदल्या दिवशी मूग गिळून बसलेले शेजारीही मग बोलते झाले. मुलं त्यांच्याच नळावर पाणी पीत होती.

पंचनामा आणि जबाब बालकल्याण समितीपुढे ठेवले. समितीनं मुलं बहिणीच्या ताब्यात दिली, पुढे न्यायालयानं तिलाच पालक नेमलं. तिच्यावरचा गुन्हाही मिटला. मोठमोठे दरोडेखोर मी पकडले, पण अभिमानानं सांगावा असा तपास हाच. लेकरं कुणाची, हे कागदापेक्षा घरात शिरून लवकर कळतं, एवढं मी त्यात शिकलो.

पुढच्या उन्हाळ्यात सहज थोरलीच्या खोलीवर गेलो. घाम पुसत बसलो आणि सवयीनं पाणी मागणार, तोच धाकटीनं दोन्ही हातांनी धरलेला काठोकाठ पेला पुढे केला.

"घ्या काका. आज माठ मी भरला."