पहिलंच दार उघडेना

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

आमची मैत्रेयी इंजिनिअरिंगला आहे. तिच्या कॉलेजात गेम जॅम आहे, म्हणजे दोन दिवसांत अख्खा गेम बनवून द्यायचा. दुबईतल्या अल कुसैसहून तिचा डबा घेऊन पोचलो, तेव्हा गेम द्यायला तासभर उरला होता. "बाबा, खेळून बघ ना."

पहिलंच दार मला उघडेना. ती मागून म्हणाली, "स्पेस दाब. इट्स ऑब्व्हियस, बाबा."

२००८च्या मंदीत नोकरी गेल्यावर मी एसी दुरुस्ती सुरू केली. तेव्हापासून काम झालं की रिमोट गिऱ्हाईकाच्या हातात देतो आणि त्याला स्वतःला चालवता येतं का ते बघत गप्प उभा राहतो. म्हटलं, "प्रत्येक परीक्षकाच्या मागे उभी राहणार का तू?"

तिने जवळजवळ तयार असलेली दुसरी लेव्हल सोडून दिली आणि तो तास ते दार न सांगता उघडता येईल असं करण्यात घालवला. तिची जोडीदार पुटपुटली, "अंकल ने तो लेव्हल खा ली. खलास." माझे कान तिखट, ऐकू आलंच.

आता परीक्षक आत आहेत आणि मी पार्किंगमध्ये फेऱ्या मारतोय. आत्ताच तिचा मेसेज आला: "दे आर प्लेइंग, बाबा. मी गप्प उभी आहे."

तुम्ही बोलला असतात, की डबा ठेवून निघाला असतात?