पडताळ्याचा मालक

खमरियातल्या कारखान्याच्या क्वार्टरात वाढलेल्या यशोधनला कुणी हुशार म्हटलं की तो मान खाली घालायचा, पण ऐकायचा पूर्ण. दिवसा एका छोट्या कंपनीत नोकरी, आणि घरी आला की त्याचा ‘पडताळा’.

कुणी नवं सॉफ्टवेअर बनवलं की ते गिऱ्हाइकाला हवं तसं चालतं का, हे पडताळा तपासतो. साध्या भाषेत लिहायचं, ‘बिल काढलं की पावतीवर नाव दिसलं पाहिजे’. तो स्वतः बटणं दाबून बघतो आणि हिरवं नाहीतर लाल दाखवतो. फुकट आहे, आतला कोड सगळ्यांना उघडा. सुधारणा कुणीही पाठवावी. ती घ्यायची का, नवी आवृत्ती कधी काढायची, हे मात्र एकटा यशोधन ठरवणार.

मग नागपूरची प्रणोती उगवली. तिला प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नाही. पडताळा वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणी काही विचारलं की यशोधन आंघोळीहून येईतो तिचं उत्तर पडलेलं, वर लोकांचे हात जोडलेले. पडताळा ठरलेला वेळ थांबायचा आणि पान उघडलं नाही की चांगल्या सॉफ्टवेअरलाही लाल करायचा. तिनं सुधारणा पाठवली : बटण दिसेपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. इतकी सोपी, की आपल्याला काहून सुचली नाही म्हणून यशोधनचं जेवण कडू झालं. तो ती दाबून बसला.

शहपुऱ्याचा बंटी धान्याच्या व्यापाऱ्यांसाठी बिलांचं सॉफ्टवेअर करतो. त्यानं ग्रुपवर लिहिलं, “भैया, प्रणोती दीदी वाला कब आएगा? नया वर्जन निकालने का हक उन्हीं को दे दो ना.” खाली अंगठ्यांची रांग.

“काय बघून राहिले एवढं?” विनतानं, त्याच्या बायकोनं विचारलं.

“तिच्या कोडात खोट आहे.”

“सापडली?”

“सापडेल ना.”

“अच्छा. म्हणजे आधी शिक्षा, मग गुन्हा.”

दोन संध्याकाळी खपून त्याला सापडली. कधी बटण दिसतं, पण करडं असतं, दाबून उपयोग नसतो. प्रणोतीचा कोड तिथं फसणार. यशोधननं तेवढ्यासाठी एक चाचणी लिहिली आणि सगळ्यांना दिसेल अशी चढवली. खाली सौम्य शब्दांत लिहिलं, ‘प्रणोतीजी, ही पास झाली की बाकीचं बोलू.’

लाल आलं. यशोधननं चहा मागितला.

चहा येण्याआधी दुसरं लाल आलं. नवी सुधारणा नापास झाली की तीच चाचणी जुन्या कोडावरही आपोआप चालवायची, हा नियम त्यानंच मोठ्या दिमाखात बसवला होता. त्याचा स्वतःचा जुना कोड करड्या बटणावर बोट ठेवून पुढे निघून जात होता. पहिल्या दिवसापासून. आणि हे आता बंटीसकट सगळे बघत होते.

“काढून टाका ना चाचणी,” विनता म्हणाली.

“लोकांनी पाहिली.”

“मग राहू द्या. चलो, चहा घ्या.”

सकाळी प्रणोतीनं आपल्या आणि जुन्या, दोन्ही कोडांतल्या चुका दुरुस्त करून पाठवल्या. सोबत लिहिलं होतं, ‘एवढी बारीक चूक यशोधनजींनीच पकडली, मला दिसली नसती.’ बंटीनं लगेच ठोकलं, “भैया तो भैया हैं.”

त्यापेक्षा तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्याला उत्तर देता आलं असतं. आता नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. त्यानं सुधारणा घेतली, आणि हात आखडायच्या आत आवृत्ती काढायचा हक्कही तिच्या नावावर केला.

“बरं वाटलं?” विनतानं विचारलं.

“नाही.”

रविवारी दोघं तिलवाऱ्याला नदीवर गेले होते. घाटावर बसल्याबसल्या मोबाइलवर कळलं : पडताळ्याची नवी आवृत्ती आली, काढणारी प्रणोती. सोबतची टीप नीटस, एक शब्द इकडेतिकडे नाही. यशोधननं ती वरपासून खालपर्यंत चूक शोधत वाचली. विनता भजी घेऊन आली तेव्हा तो पुन्हा वरून सुरू करत होता.