वहिनीची मुलाखत आणि अध्यक्षांचं हसू

माझी वहिनी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे. तिथे खिडकीखालच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात आणि वहिनी त्यांच्यासमोर बसून मेणात एकेक दात बसवत असते. मधूनच एखादा जबडा कानाशी धरून "काय म्हणता, आजोबा?" असं विचारायची तिला खोड आहे. पेशंट तिला कधीच बघत नाहीत. ती मात्र त्यांना आतून ओळखते.

चौतिसाव्या वर्षी तिने परदेशात शिकायला जायचं ठरवलं, ते एका बाईंमुळे. आजारपणात त्यांची अर्धी टाळू काढावी लागली होती. बोललेलं सगळं नाकातून यायचं. वहिनीने त्यांच्यासाठी टाळूवर बसणारी पट्टी चार वेळा बनवली आणि चारही वेळा प्यायलेलं पाणी नाकातून बाहेर आलं.

"मला हे येत नाही," घरी येऊन ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

हे काम शिकवणारा वर्षभराचा अभ्यासक्रम परदेशात होता, आणि आमच्या गावचा सेवा क्लब दरवर्षी एकाला स्कॉलरशिप देऊन बाहेर पाठवायचा. तिने अर्ज ठोकला.

मुलाखतीला पाच जणांची समिती होती. अध्यक्षांनी हसून "या, बसा" म्हटलं आणि वहिनीची नजर त्यांच्या दातांवर खिळली. पुढचा एक दात तिने मुद्दाम किंचित तिरका बसवला होता, खरा वाटावा म्हणून. तिने बाकीच्यांकडे पाहिलं. पाचांपैकी तिघं तिचेच! तिला हसू आवरेना.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"काही नाही सर. आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं."

"आपण आधी भेटलोय का?"

"समोरासमोर नाही."

अध्यक्षांचं तोंड झटकन मिटलं. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी हातरुमालाआडून विचारले.

एका सदस्याला यातलं काहीच कळलं नव्हतं. तो म्हणाला, "तुमच्या कामाबद्दल गावात कोणी बोलताना ऐकलं नाही."

"कसं ऐकणार, साहेब? माझं काम लोकांच्या तोंडात असतं, तोंडी नसतं. आणि कोणाच्या तोंडात काय आहे, ते मी कुठे बोलत नाही."

"हा गुण फार मोठा आहे," रुमालामागून आवाज आला.

मग तिने त्या बाईंची गोष्ट सांगितली. तिथेच मुलाखत संपली.

निवड झाल्याचं पत्र आलं. घरी तिने एवढंच सांगितलं की समितीत तिघं तिची गिऱ्हाइकं होती, नावं विचारायची नाहीत. "ही निवड नाही, खंडणी आहे," दादा म्हणाला.

"खंडणी मागावी लागते. मी नुसती हसले."

परदेशातल्या क्लबांमध्ये जाऊन आपल्या गावाबद्दल भाषणं द्यायची, अशी स्कॉलरशिपची अट होती. ती तयारी क्लबातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका दर रविवारी सकाळी करून घ्यायच्या.

"आमचं गाव लहान आहे, पण…"

"पण नको. गाव लहान आहे, थांबा. ऐकणाऱ्याला श्वास घेऊ द्या."

बारा मिनिटांचं ते भाषण घरात इतक्या वेळा झालं की दादा आंघोळ करताना ते म्हणू लागला, श्वासासकट.

आणि सगळं जमत आलं असताना आरोग्य तपासणीचा फॉर्म आला. त्यात शेवटचा रकाना दातांचा होता. डॉक्टरांनी तिला "आ कर" म्हटलं आणि बॅटरी विझवली. अक्कलदाढ पार किडली होती.

"उद्या काढू."

उद्या वहिनीला तातडीचं काम निघालं. परवा ती मागच्या दाराने घरी पळाली. शेवटी निघायच्या आठवड्यात मी आणि दादाने तिला दोन्ही बाजूंनी धरून खुर्चीत बसवलं.

"गोळीने नाही का बरं होणार?" तिने काकुळतीला येऊन विचारलं.

"पेशंटना तू काय सांगतेस?" डॉक्टर म्हणाले.

"मी पेशंटना भेटतेच कुठे!" ती ओरडली, आणि तोंड उघडं सापडल्याबरोबर डॉक्टरांनी सुई टोचली.

दुसऱ्याच दिवशी क्लबात निरोपसमारंभ होता. वहिनीचा गाल टम्म फुगलेला. ती माइकसमोर उभी राहिली, "आभारी आहे" असं काहीतरी पुटपुटली आणि खाली बसली. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात अध्यक्ष उठले.

"आज या बोलू शकत नाहीत, तेव्हा त्यांच्या कामाचा नमुना मीच दाखवतो," असं म्हणून ते कानापर्यंत हसले. मग मुलाखतीचा सगळा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितला, रुमालासकट. लोक हसून हसून बेजार झाले. बाकीचे दोघं कोण, अशी शोधाशोध सुरू झाली, तेव्हा समितीतल्या चौघांनी एकदमच पाण्याचे ग्लास तोंडाला लावले. वहिनीला मी पुष्कळ खोदून विचारलं. ती नुसता गाल दाखवायची.

वर्षभराने ती परतली. आल्याच्या महिन्यात तिने त्या बाईंसाठी पाचवी पट्टी बनवली. बाई पेलाभर पाणी प्यायल्या, एक थेंबही नाकात आला नाही. मग त्या वहिनीशी तासभर बोलत बसल्या. विषय काही नव्हता.

घरात मात्र तिला वेगळीच लढाई लढावी लागतेय. त्या वर्षात दादाने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आहे. डब्यांच्या जागा बदलल्या आहेत, आणि वहिनी आत शिरली की तो म्हणतो, "हात लावू नकोस, बाहेर बस." ती बसते. आणि ताट यायला उशीर झाला, तर ओरडायला कमी करत नाही.