बॅटरी काढलेला फोन

२९ एप्रिल, आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, आदला दिवस. दुपारी ओट्यावर बसून मी यांच्या मोबाईलमध्ये बॅटरी सेव्हरची सेटिंग्ज लावत होते.

आधीच सांगते — आत्मा वगैरे मी मानत नाही. अमावास्येलाही एकटी मळ्यात जाते. पण हे अजून सुटत नाही, म्हणून लिहिते.

आमचं गाव शहादा तालुक्यात, तापीकाठी, प्रकाशाच्या अलीकडे. केळी आणि ऊस. मळ्यातल्या मोटरला मोबाईल स्टार्टर आहे. फोन लावला की मोटर चालू, परत लावला की बंद. तो दोनच नंबरांचं ऐकायचा, यांच्या आणि माझ्या. पण लाईट आली हे सांगणारा त्याचा कॉल फक्त यांच्याच नंबरवर यायचा. म्हणून हे गेल्यावरही मी त्यांचा फोन चालू ठेवला होता.

फोन जुना. बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना. यांनी स्क्रीन दहा मिनिटांवर ठेवलेली, ती मी पंधरा सेकंदांवर आणली. ब्राईटनेस तळाला, नेट बंद, लोकेशन बंद. तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन.

"आई, पप्पांचा फोन अजून चालवतेस? म्युझियमला दे आता."

"तू येऊन केळीला पाणी भर, मग देते."

"अगं, स्टार्टरमधला नंबर बदल ना. पाच मिनिटांचं काम आहे."

"करीन," म्हटलं. हे मी जानेवारीपासून म्हणत होते.

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, यांच्या मोबाईलचं मागचं झाकण वर आलंय. बॅटरी फुगली होती. ती काढून बाहेर पत्र्यावर ठेवली, मोबाईल कपाटात. आता लाईट आलेली कळणार नव्हती... मळ्यात कुणाला तरी विचारू असं ठरवलं आणि डाळ भिजवायला घेतली. त्यात विसरले.

उन्हं कलायला लागली तेव्हा मळ्यातल्या सालदाराचा, सालाने ठेवलेल्या जयसिंगचा फोन आला.

"वैनी, मोटर तुम्हीच चालू करी ना?"

"नाही."

"मंग कोनी करी? चालू, बंद, परत चालू… दादा करेत तशीच."

हे नेहमी तसंच करायचे. पहिलं पाणी गाळाचं येतं, ते सोडून द्यायचं, मोटर थांबवायची, मग ड्रिपला पाणी जोडून परत चालू करायची. मला हा खटाटोप कधी पटला नाही. मी एकदाच चालू करते.

"ऊन लागलं असेल तुला," मी जयसिंगला म्हटलं.

"मले ऊन लागनं, पन केळीले पानी लागनं ना."

कपाट उघडलं. मोबाईल तिथेच, बॅटरीविना. माझ्या फोनवरून एकही कॉल गेलेला नव्हता. मळ्यात जाऊन पाहिलं. लाईट आल्यावर मोटर आपोआप चालू करणारं स्टार्टरचं ऑटोचं बटण बंद होतं आणि बांधालगतच्या केळीपर्यंत पाणी पोचलं होतं. मुलगा म्हणाला, व्होल्टेज कमीजास्त झालं असेल. मेकॅनिक म्हणाला, असं होत नाही, पण होऊही शकतं.

मला आठवत होतं ते सुरतेचं हॉस्पिटल. हाताला सलाईन, तरी लाईट आली की मोटर यांनीच लावायची. मी फोन काढून घ्यायला गेले तर म्हणाले, "केळीला माझं आजारपण काय माहीत?" जायच्या आदल्या दिवशीही तिथून पाणी भरलं त्यांनी.

म्हणजे अजूनही...? त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आखाजीला पितरांसाठी भरतात तशी यांच्या नावाची पहिली घागर भरली, निखाऱ्यावर घास वाहून आगारी टाकली आणि मळ्यात गेले. स्टार्टरची पेटी उघडून त्यांचा नंबर काढून टाकला. बास झालं आता, एवढंच मनात होतं. लाईटच्या कॉलसाठी त्या जागी माझा टाकला आणि विहिरीच्या कडेला बसले.

बऱ्याच वेळाने माझा फोन वाजला, स्टार्टरचा. लाईट आली होती.

"वैनी, लाईट येल शे," जयसिंग जवळ येऊन म्हणाला. "लावा ना मोटर."

"लावते. थांब जरा."

आज मोटर आपणहून चालू झाली नाही. मी तिच्याकडे बघत राहिले. जयसिंग खाली बसला. मग मी स्टार्टरचं बटण दाबलं.