फोर-व्हीलचा पिवळा दिवा

आधीच सांगतो, अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये आहे. सातव्या मजल्यावरचे काका वारल्यापासून लिफ्ट आपोआप सातव्यावर जाते, असं लोक मला शपथेवर सांगतात. मी पॅनेल उघडतो, चिकटलेलं बटण बदलतो, काका जातात. बिघाडाला कारण असतंच, सापडत नसेल तर शोधणारा आळशी, असं मी हाताखालच्या लोकांना आजवर ऐकवत आलोय. त्यातल्या कोणी हे वाचू नये एवढीच इच्छा...

आम्ही मुलुंड पश्चिमेला राहतो. मी, बायको मानसी, माझे बाबा आणि मुलगी स्वरा. स्वरा दुसरीत आहे आणि तिला फिट येतात. औषधं चालू आहेत, घाटकोपरच्या डॉक्टर चांगल्या आहेत. फिट कमी झाल्या, थांबल्या नाहीत. काही मुलांना म्हणे आधी कळतं, पोटात कसंतरी होतं किंवा डोळ्यांपुढे चमकतं. स्वराला काहीच कळत नाही. हसता हसता पडते. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना मी काय म्हणतोय ते समजेल. फिटपेक्षा ती कधी येईल याची भीती जास्त असते.

गाडी सेकंडहँड, डिझेल एसयूव्ही, फोर-व्हील ड्राइव्हवाली. मुलुंडमध्ये ही कशाला, असं सोसायटीत प्रत्येकाने विचारून झालंय. देवगडकडे आमच्या वाडीत उतरणारी वाट भयंकर उभी आहे, म्हणून बाबांचा हट्ट. गाडी आणली त्या दिवशी पार्किंगमध्ये नारळ ठेवून बाबांनी गाऱ्हाणं घातलं. आम्हा मालवणी लोकांत घरातलं मोठं माणूस देवाशी असं मोठ्याने बोलतं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा," बाबा म्हणाले, "ह्या गाडयेत बसतल्या पोराबाळांक काय इडापिडा येवची आसात, तर तेची आधी खूण दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," आम्ही म्हणालो. मी फोनवर इन्शुरन्सवाल्याशी बोलता बोलता म्हणालो.

काही महिन्यांनी डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. चावी फिरवली की सगळे दिवे लागतात आणि विझतात, तसा तोही विझायला हवा. पण एखाद्या सकाळी तो विझायचाच नाही, लुकलुकत राहायचा. दुसऱ्या दिवशी गायब. माझा शाळेतला मित्र संतोष, त्याचं घाटकोपरला गॅरेज आहे. त्याने स्कॅनर लावून सांगितलं की फोर-व्हीलचं कंट्रोल मॉड्युल गेलंय. म्हणजे सीटखालचा एक छोटा डबा, जो गाडीने दोन चाकांवर चालायचं की चार, हे ठरवतो. "बदलून टाक," संतोष म्हणाला. मी म्हटलं, बघू. मुंबईत चार चाकं लागतात कुणाला?

मानसीच्या लक्षात आलं ते नंतर. ती घाबरट नाही, उगाच काही डोक्यात घेणाऱ्यांतली तर नाहीच. एका संध्याकाळी स्वराला फिट येऊन गेली होती, ती झोपली होती आणि मानसी तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "आज सकाळी दिवा लागला होता ना रे?"

"कुठला?"

"गाडीतला. मागच्या वेळीही लागला होता. त्याच्या आधीही."

मी तिला कोइन्सिडन्सवर छोटं लेक्चर दिलं. तिने ते ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी दिवा लागला तेव्हा ऑफिसला दांडी मारून स्वराला घरीच ठेवलं. खाली गाद्या टाकल्या. दुपारी भात खाताना फिट आली. गादीवर पडली, काही लागलं नाही.

मग ते आमचं रोजचंच झालं. सकाळी मी खाली जाऊन चावी फिरवायची, मानसी खिडकीत उभी. मी मान हलवली की शाळा, हात वर केला की सुट्टी. रविवारीसुद्धा जायचो. सोसायटीत सगळ्यांना वाटायचं याची बॅटरी उतरलीये. दिवा लागला आणि फिट आली नाही, असं झालं नाही. दिवा न लागता आली, असंही झालं नाही. मी तरी मनात म्हणत होतो, योगायोग आहे, चालू दे, कुणाचं काय जातंय. पण खरं सांगू? कित्येक महिन्यांनी आम्ही दोघं शांत झोपायला लागलो होतो.

आणि मग एक दिवस फिट थांबेना.

सकाळी दिवा लागला होता, स्वरा घरीच होती, गादीवर होती, पण फिट नेहमीसारखी सुटलीच नाही. नाकात मारायचा स्प्रे दिला, तरी नाही. तिला उचललं, गाडीत घातलं आणि घाटकोपरला निघालो. भांडुपच्या सोनापूर सिग्नलला थांबलो, न्यूट्रल केलं... आणि खालून 'खट्' झालं. गाडी आपोआप लो गिअरमध्ये गेली होती. चिखलातून ओढून काढायला असतो तो. इंजिन बोंबलतंय आणि गाडी बैलगाडीसारखी रांगतेय. फोर-व्हीलचा नॉब फिरवला, गाडी बंद करून चालू केली, काही नाही. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा, लुकलुक, लुकलुक. शेवटी मी एक रिक्षा थांबवली, स्वराला उचलून तिच्यात मानसीच्या मांडीवर ठेवलं आणि रिक्षावाल्याला नुसतं "पळव" म्हटलं. मी तिथेच उभा, रस्त्याच्या मधोमध, त्या रांगणाऱ्या गाडीजवळ.

स्वरा वाचली. डॉक्टर म्हणाल्या, आणखी उशीर करून चाललं नसतं.

त्या आठवड्यात घरात एकच विषय होता.

"मॉड्युल बदलायचं म्हणतोस. मग दिवा गेला तर?" मानसी म्हणाली.

"अगं, तो एक सर्किट बोर्ड आहे. त्याला काय कळतंय स्वराचं?"

"मला माहीत नाही त्याला काय कळतं."

"आणि पुन्हा सिग्नलला अडकलो तर? दुसरी गाडी घ्यायची ऐपत आहे आपली?"

बाबा कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होते.

शेवटी बदलायचं ठरलं. संतोषने नवं मॉड्युल बसवलं, लॅपटॉप लावून गाडीशी त्याची ओळख करून दिली, जुनं काढून गॅरेजमधल्या खोक्यात टाकलं. गाडी झकास. दिवा लागायचा आणि शहाण्यासारखा विझायचा. आणि स्वराला फिटही नाहीत... दिवस गेले, आठवडे गेले. मी मनातल्या मनात खूश होतो. मानसीला एकदा म्हणालोसुद्धा, बघ, दोन्ही दुरुस्त झालं.

त्यानंतर शाळेतून फोन आला. सकाळी दिवा विझला होता, मी मान हलवली होती. स्वरा मधल्या सुट्टीत जिन्यात पडली. हनुवटीला टाके, पुढचे दोन दात तुटले, तेही दुधाचे नाहीत, नुकते आलेले.

दुसऱ्या दिवशी मी संतोषकडे गेलो.

"जुनं मॉड्युल आहे का रे?"

"आहे ना, खोक्यात. कशाला?"

"परत बसव."

"वेडा झालास काय? चांगलं काढून खराब बसवायला आलेलं गिऱ्हाईक मी अजून बघितलं नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. त्याने हात पुसले आणि कामाला लागला. तासाभराने स्कॅनर लावला, काढला, पुन्हा लावला.

"प्रसाद... यात फॉल्ट नाहीये यार."

"म्हणजे?"

"म्हणजे ठणठणीत आहे. एकही कोड नाही." त्याने फोनमधला पहिल्या स्कॅनचा फोटो काढून दाखवला. तेव्हा स्क्रीन एरर कोडने भरलेली होती. डबा तोच, नंबर तोच. "मी याला हातसुद्धा लावला नव्हता रे, खोक्यात पडून होतं."

आम्ही गाडी फिरवून आणली. सिग्नलला न्यूट्रल केलं, थांबलो, निघालो. काही नाही. गॅरेजला येऊन मी कनेक्टर हलवले, मॉड्युलवर टिचक्या मारल्या, हीटरची गरम हवा सोडली. बिघाड शोधायला लिफ्टमध्ये जे जे करतो ते सगळं मी बिघाड आणायला केलं. शेवटी प्लगच उपटला. दिवा लागला. पण तो मी लावलेला होता, त्याचा काय उपयोग?

घरी येऊन सांगितलं. मानसी तोंड फिरवून किचनमध्ये गेली. बाबा उठले, देवघरातला नारळ घेतला आणि म्हणाले, "चला खाली."

आम्ही सगळे पार्किंगमध्ये उभे राहिलो. हनुवटीला पट्टी लावलेली स्वरा माझं बोट धरून. येणारेजाणारे बघत होते. बाबांनी बॉनेटवर नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, तू खूण दिलंस. ती आमकां कळली नाय, असां नाय, कळली. पण आमी जां बिघाडलेलां, तां दुरुस्त करून घेतलां. चूकभूल पदरात घी. आनि ही गाडी होती तशी पुन्ना बिघडव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळ्यांत मोठ्याने मी म्हटलं. फोन वर घरी ठेवून आलो होतो.

याला काही महिने झाले. मॉड्युल जुनंच आहे, गाडी एकदम उत्तम चालते. फिट अजून येतात, कधी घरी, कधी बाहेर. हे काय होतं, ते का आलं आणि का गेलं, मला आजही सांगता येत नाही. पॅनेल उघडून बघण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. आज सकाळीही चावी फिरवली. सगळे दिवे लागले, एकेक करून विझले, शेवटी तो पिवळाही विझला. मानसी खिडकीत उभी होती. मान हलवायची की नाही, मला कळेना. तिने थोडा वेळ वाट बघितली आणि स्वराला दप्तर देऊन खाली पाठवलं.